आपलंच तुणतुणं

मराठी माणसाला दुसऱ्याचं काय वाटेल ते सहन होतं, तुणतुणं मात्र सहन होत नाही. ‘पुरे झालं तुमचं तुणतुणं’ हे वाक्य ज्यानं कधी ऐकलं नाही असा नवरा महाराष्ट्रात सापडायचा नाही, आणि ज्यानं ते हाताखालच्या माणसाला कधी ऐकवलं नाही असा हेडक्लार्क सापडायचा नाही. वीणा सरस्वतीच्या हातात जाऊन बसली. सतारीला मैफल मिळाली. तंबोऱ्याला मखमली गवसणी मिळाली आणि गवयाच्या पाठीमागची मानाची जागा मिळाली. तुणतुण्याच्या वाट्याला आला तो फक्त एक वाक्प्रचार. तोही भांडणातला.

गंमत अशी, की ज्याच्या नावानं घरोघर एवढा उद्धार चालतो ते तुणतुणं प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता शोधावी लागतात. तेव्हा आधी ओळख करून देतो. वीतभर उंचीचं, दोन्ही तोंडांनी उघडं असं लाकडी नळकांडं घ्यायचं. खालच्या तोंडावर चामडं मढवायचं. बाहेरच्या अंगाला अडीच-तीन फुटांची दांडी ठोकायची आणि दांडीच्या शेंड्याला एक खुंटी बसवायची. चामड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यातून तार वर काढायची, ती नळकांड्याच्या पोकळीतून सरळ खुंटीपर्यंत न्यायची आणि पिळायची. झालं तुणतुणं! पडदे नाहीत, घोडी नाही, तरफा नाहीत. तार एक, सूर एक. बंगालमधल्या बाऊलांचं खमक हे ह्याच्याच भाऊबंदांपैकी. ह्या घराण्याला तंतुवाद्य म्हणावं की चर्मवाद्य, ह्यावर पंडितांचे वाद झालेले आहेत. कारण छेडायची तार, पण बोलतं चामडं. राबतो एक आणि आवाज दुसऱ्याचाच, हा प्रकार नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझा आणि तारेचा संबंध दोरीवरचे कपडे काढण्यापुरता. शिरपूरसारख्या गावात बसून मी तुणतुणं का करायला घेतलं, ह्याचं उत्तर आमचे आप्पा. आमचे तीर्थरूप. वय वर्षं पंच्याऐंशी.

आप्पा एके काळी झीलकरी होते. पोवाड्यात शाहीर पुढे उभा असतो. डफ त्याच्या हातात, फेटा त्याच्या डोक्यावर आणि टाळ्याही त्यालाच. त्याच्या मागे दोघं-तिघं उभे असतात, ते झीलकरी. कुणाकडे झांज, कुणाकडे तुणतुणं. शाहिरानं अफझुलखान मारायचा आणि ह्यांनी ‘जी जी जी’ म्हणायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, म्हणजे १९५६ ते १९६० ह्या काळात, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे ह्यांच्या आवाजानं मैदानंच्या मैदानं दणाणत होती. त्यांचं ऐकून गावोगावची मिसरूड फुटलेली पोरं डफ-तुणतुणी घेऊन पारावर उभी राहिली. त्यांतल्याच एका पथकात, मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे आमचे आप्पा. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि पथक पांगलं. शाहीर पुढे राजकारणात गेला, झांजवाला एस.टी.त लागला आणि आप्पा एका जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गासड्या मोजायला बसले. तुणतुणं कुठे गेलं, हे कुणी विचारलं नाही. राज्य मिळाल्यावर तुणतुण्याची चौकशी करतो कोण?

१९६४ साली लग्न झालं आणि आप्पांना पुन्हा एक शाहीर मिळाला.

आमची आई बोलायची. म्हणजे किती, तर अरुणावतीला पूर आल्यावर ती जितकी वाहते तितकी. पहाटे दुधातल्या पाण्यापासून तिचा पोवाडा सुरू व्हायचा, तो माहेरची इस्टेट, धाकट्या जावेचा स्वभाव, गेल्या सालचा पाऊस आणि यंदाची दादर अशी ठाणी घेत रात्री अंथरुणावर संपायचा. आप्पा पेपराच्या आडून फक्त ‘हं’ म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचं, ह्या गृहस्थाचं लक्षच नाही. पण अठ्ठावन्न वर्षांत त्यांचा एक ‘हं’ कधी भलत्या जागी पडला नाही. आई दम घ्यायला थांबली, की बरोबर ‘हं’. मग ती पुढचं कडवं घ्यायची. झीलकऱ्याचं काम दुसरं काय असतं?

२०२२ साली आई गेली.

त्यानंतर घरात भांडण नव्हतं, आजार नव्हता, कशाची ददात नव्हती. आप्पा वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे. फक्त बोलायचे नाहीत. ‘दूध आलं का’, ‘पेपर आला का’, ‘ही गोळी सकाळची का रात्रीची’ अशा तीन वाक्यांवर त्यांचा दिवस निघायचा. डॉक्टरांनी तपासून कागदावर ‘सर्व ठीक’ असं लिहून दिलं. सर्व ठीकच होतं. ‘हं’ म्हणायला मागे उभं राहावं असं समोर कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मग गल्लीत एका लग्नघरी गोंधळ घातला गेला. संबळ कडाडला आणि त्याच्यामागून ते बारीक तुणऽतुणऽ ऐकू आलं. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पाहतो तो त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट खुर्चीच्या हातावर चाललेलं. चेहरा तसाच, डोळे रस्त्यावर, पण बोट ठेक्यात. मी सौभाग्यवतीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तुणतुणं आणायचं, हे आमच्यात न बोलता ठरलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्याचे काही फायदेही असतात.

आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही. तो नळाच्या पाण्यासारखा ठराविक वेळेला घरी येतो, आणि पाण्यापेक्षा जास्त दाबानं येतो. पुतण्या म्हणाला, “काका, बेंजोच घ्या ना. वरातीत पण चालतो.” खानदेशात ज्याला बेंजो म्हणतात त्याचं कागदोपत्री नाव बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं. त्याचं मूळ जपानमध्ये. १९१२ साली नागोया शहरात निघालेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि लाउडस्पीकरला जोडून आमच्या वराती नाचवायला लागलं. पण पंच्याऐंशीच्या माणसाला वरातीत चालणारं वाद्य देऊन करायचं काय?

समोरचे गुरुजी म्हणाले, “करायचं तर शास्त्रोक्त करा. मिरजेला जा.” मिरजेचं माहात्म्य खरंच मोठं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या घराण्यांनी, तलवारी सोडून सतारी-तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे जातात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तंबोरा करणाऱ्या कारागिराला तुणतुणं करून द्या म्हणून सांगणं म्हणजे शालू विणणाऱ्याकडे लंगोट मागण्यासारखं. तेव्हा मी म्हटलं, सरळ पुण्याहून तयार मागवावं.

हे बोलणं ओट्यावर चाललं होतं. आणि अचानक आप्पा बोलले.

“आम्ही काय इकत आणायचो का रे?”

तीन वर्षांत गोळी, दूध आणि पेपर सोडून त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पुण्याचा विषय तिथंच मिटवला.

तुणतुणं करायचं ठरलं, की पहिला प्रश्न नळकांड्याचा. पत्र्याचा डबा चालेल, असं पुतण्याचं मत पडलं. आप्पांनी मान हलवली. पत्रा खणखणतो, लाकूड घुमतं. मग माळा धुंडाळला आणि तिथे सापडलं ते आमच्या घरचं जुनं माप. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेलं, वरखाली लोखंडी पट्ट्या मारलेल्या, आतून धान्य सरकून सरकून गुळगुळीत झालेलं. १९५८ नंतर सरकारनं हळूहळू दशमान पद्धतीची वजनमापं आणली आणि शेर-पायलीचा जमाना संपला, तेव्हा हे मापही बाजारातून निवृत्त झालं. पण सरकारनं मोडीत काढलेलं माप लग्नात चालतं. १९६४ साली हेच माप दादरीनं शिगोशीग भरून उंबऱ्यावर ठेवलं होतं आणि आमची आई ते ओलांडून ह्या घरात आली होती.

आकार बरोबर, लाकूड बरोबर. एकच अडचण. मापाला बूड असतं आणि तुणतुण्याला नसतं. म्हणजे बूड कापणं आलं.

सौ. दारातच उभी राहिली. “सासूबाईंचं माप आहे ते. मी पण तेच ओलांडून आले. त्याला करवत लावायची नाही.”

तिचं बरोबर होतं. सुतार करवत हातात धरून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत राहिला. मलाही काही सुचेना. वस्तू जपायची तर माळ्यावर ठेवायची आणि वापरायची तर कापायची. मधला मार्ग निघत नव्हता. आप्पा काठी टेकत आत आले. त्यांनी माप हातात घेतलं, उलटं केलं, बुडावर बोटांनी टकटक वाजवून पाहिलं. मग आमच्या घरात आता फक्त रागाच्या किंवा मायेच्या वेळी निघणाऱ्या अहिराणीत म्हणाले, “काप. रिकामं माप काय कामनं?”

सौ. बाजूला झाली. मात्र कापून निघालेली चकती तिनं सुताराला दिली नाही. ती घासून पुसून तिनं पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवली. म्हणजे निम्मं माप तुणतुण्यात गेलं आणि निम्मं घरातच राहिलं. हिशेबात आमच्याकडे बायका पक्क्या.

नंतरची पायरी चामड्याची. ढोलक्या मढवणाऱ्याकडून बकऱ्याच्या चामड्याचा तुकडा आणला. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की तोंडावर ताणून दोरीनं आवळायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. वाळता वाळता ते आपणच आवळत जातं आणि टणक होतं. भिजत घातलेली बादली सौ.नं परसाच्या पार टोकाला हलवली. तिथे गल्लीतल्या झाडून साऱ्या मांजरांनी रात्रभर सभा भरवली आणि सभेचा निषेध नोंदवायला कुत्रीही जमली. चामडं सावलीत वाळवावं असं शास्त्र आहे खरं, पण एप्रिलातल्या शिरपूरला ऊन आणि सावली ह्यांत फार फरक करत बसण्यात अर्थ नसतो. पारा चव्वेचाळिसाला टेकला, की सावलीतही पापड वाळतात. संध्याकाळपर्यंत चामडं असं कडक झालं, की टिचकी मारली तर उत्तर द्यायचं.

दांडीसाठी बांबू सातपुड्यातला. तिकडे मानवेल नावाचा बांबू होतो. कोरड्या डोंगरातला तो जवळजवळ भरीव असतो, लाठ्या त्याच्याच करतात. पोकळ बांबूला खिळा मारला की तो उभा चिरतो. मानवेल खिळा पचवतो. तरी आप्पांनी आधी सामत्यानं भोकं पाडून घ्यायला लावली. खुंटी सुतारानं निमुळती कातून दिली आणि तिला शाळेचा खडू चोळला, म्हणजे ती सरकत नाही. आयुष्यभर खडू खाल्लेल्या समोरच्या गुरुजींना हा उपयोग नवीन होता.

तार चामड्यातून ओढून निघू नये म्हणून खालून तिला काहीतरी आडवं अडकवावं लागतं. ह्यासाठी देवघराच्या खणात एक अस्सल वस्तू निघाली: भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ ह्या काळात पाडलेला, मध्ये भलंमोठं भोक असलेला तांबडा पैसा. लढाईच्या दिवसांत धातू वाचवायला सरकारनं पैशाचा मधलाच भाग काढून घेतला होता. तो पैसा पुढे कुठल्या दुकानात चालला नाही, पण तुणतुण्यात एकदम चपखल बसला. सरकारनं मोडीत काढलेलं माप आणि सरकारनं मोडीत काढलेला पैसा. दोन्ही पेन्शनर एका जागी आले.

शेवटी तार. इथे गल्लीनं दानशूरपणाची कमाल केली. भाजीवाल्या मावशींनी बांधकामावरची तार आणून दिली. ती मऊ लोखंडाची. ताणावी तितकी लांबते आणि सूर घरंगळत खाली येतो. सायकलवाल्यानं ब्रेकच्या तारेतला एक पदर सोडवून दिला. तो पोलादी खरा, पण पिळात राहून त्याला कायमचे कुरळे पडलेले. वाजवला की आवाजही कुरळाच. अखेर पुतण्यानं धुळ्याहून सतारीची पोलादी तार आणली. केसासारखी बारीक, आणि दर? तोंडातून ‘अरे बापरे’ निघायच्या आत दहा-वीस रुपयांत काम झालं. निवृत्त माणसाला ह्याचंही समाधान असतं.

तार भोकाच्या पैशाला बांधली, चामड्यातून वर काढली, मापाच्या पोकळीतून नेली, खुंटीला गुंडाळली. मी खुंटी पिळायला बसलो. आप्पा समोर, डोळे मिटून.

“चढव.”

पिळली. तुणऽ.

“चढव.”

मी घाबरत घाबरत अजून पिळली. तारेचं गणित मोठं कठीण आहे. लांबी निम्मी केली तर सूर बरोबर एक सप्तक वर जातो, हे ग्रीकांच्या काळापासून माहीत होतं. पण लांबी तशीच ठेवून नुसत्या ताणानं सप्तक चढवायचं तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. हे सोळाव्या शतकात तारांना वजनं टांगून ज्यानं दाखवून दिलं तो इटलीतला विन्चेंझो गॅलिली, म्हणजे ग्रहताऱ्यांवाल्या गॅलिलिओचा बाप. स्वतः वाजवणारा माणूस. मुलानं पुढे आकाशाकडे दुर्बीण रोखली, बाप घरात तारा पिळत होता. आमच्या घरी उलटं: मुलगा पिळतोय आणि बाप डोळे मिटून म्हणतोय, “चढव.”

“आप्पा, तुटेल आता.”

“नाही तुटत. शाहिराचा सूर तिथं नाही. अजून वर.”

कोणता शाहीर, कोणता सूर, मी काही विचारलं नाही. खुंटी अर्धा पीळ फिरवली. आप्पांनी हात पुढे केला. तुणतुणं डाव्या हाताशी धरलं, उजव्या हातानं तार छेडली आणि डोळे उघडले.

“हं,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात कसलं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

तुम्हाला वाटेल, आता आप्पांनी खणखणीत पोवाडा म्हटला असेल आणि सारी गल्ली गोळा झाली असेल. असं काही झालं नाही. तुणतुणं हे एकट्यानं वाजवायचं वाद्यच नाही. सतारीवाला एकटा बसून रात्र काढील, बासरीवाला गाईंनाही ऐकवील. पण तुणतुणेवाल्याला कुणीतरी गाणारं लागतं. एकच सूर तो काय वाजवणार? आणि गाणाऱ्यालाही तो लागतोच. शाहीर रणांगणात शिरतो, तानांत भटकतो, गोष्टीच्या भरात कुठल्या कुठे जातो. परत यायचं घर कुठलं, हे मागचा तो एकच सूर सांगत असतो. त्या सुराला आपण कंटाळवाणा म्हणतो. घराला कंटाळवाणं म्हणतात तसंच.

तेव्हा आप्पा ओट्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. पहिल्या भाजीवाल्या मावशी मिळाल्या. “काय करी ऱ्हायना आप्पा?” असं विचारून त्यांनी ‘मेथी घ्या, भेंडी घ्या’ची आरोळी दिली आणि मागून तुणऽतुणऽ आलं. मावशींचा आवाज त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे गेला म्हणतात. मग समोरच्या गुरुजींनी तोंडपाठ असलेलं होतं नव्हतं ते सगळं म्हणून घेतलं. पावसाळ्यात चामडं सादळलं आणि सूर उतरला, तर आप्पांनी शेगडीवर हात शेकावा तसं तुणतुणं लांबून शेकलं आणि पुन्हा वर आणलं. त्यांच्या बोलण्यात दूध, पेपर आणि गोळी ह्यांच्या जोडीला आता ‘खुंटी’, ‘खडू’ आणि ‘तुझ्या आईचा आवाज पण इथंच लागायचा बरं का’ हेही येऊ लागलं.

सध्या त्यांच्याकडे कायमचा शाहीर आहे. गुरुजींची नात. इयत्ता तिसरी, पुढचे दोन दात पडलेले. ती पाढे म्हणते, आप्पा झील धरतात. परवा एकोणतीसचा चालला होता. दर ओळीला मागून ‘जी जी जी’. पाढा इतक्या वीररसात म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता. एकोणतीस सख्खं झालं आणि पोरगी अडली. एकोणतीस सत्ते... एकोणतीस सत्ते... गुरुजी सांगायला पुढे सरसावले, तर आप्पांनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं आणि तार छेडत राहिले. तुणऽ तुणऽ तुणऽ. घाई नाही, रागावणं नाही. पोरीनं छताकडे पाहिलं, बोटं मोजली, ओठ चावला आणि ओरडली, “दोनशे तीऽन!”

“जी जी जी!”

आतून सौ.चा आवाज आला, “आप्पा, पुरे झालं आता तुणतुणं! पानं वाढलीत.”

आप्पांनी तार बोटानं थांबवली, तुणतुणं भिंतीशी नीट टेकवून ठेवलं आणि म्हणाले,

“हं.”